दोरीवर वाळत घातलेला माऊस

हळूबाईंचं खरं नाव शाळेच्या दप्तरात कुठेतरी होतं, पण ते शोधायची वेळ कुणावर आली नाही. दिवसभर त्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा. जिन्यावर हळू, नळाशी हळू, आणि रडायचंच असेल तर तेही हळू. शिशुवर्गात त्यांची उभी हयात गेली. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता दाढीमिशांची झाली होती, तरी रस्त्यात बाई दिसल्या की गाडीचा वेग आपोआप कमी करत.

त्यांचा वर्ग म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची खोली. भिंतीला पोरांच्या उंचीच्या खुंट्या होत्या. कुणालाच वाचता येत नसल्यामुळे प्रत्येक खुंटीवर नावाऐवजी चित्र होतं, कुणाचा मासा, कुणाची छत्री. चपलाबूट दाराबाहेर. खोलीच्या मागे नळ, त्याच्या कडेला बुटकी भिंत आणि तिच्यावर बांधलेली एक लांब दोरी. ही दोरी महत्त्वाची, कारण शनिवार हा बाईंच्या वर्गात धुण्याचा दिवस. आठवडाभर पोरं ठोकळे चाटायची, बाहुल्यांना शेंबूड पुसायची. मग शनिवारी बाह्या वर करून सगळ्यांनी सगळं धुवायचं आणि उन्हात टाकायचं. बाईंचा नियम सोपा होता. जे जे शाळेचं, ते ते शनिवारी धुवायचं. देवाने हात दिलेत ते नुसतं घ्यायला नाहीत, निगा राखायलाही दिलेत, असं त्या पोरांना सांगत, आणि पोरांना ते इतकं पटलं होतं की एकदा त्यांनी शाळेचं गेट धुतलं होतं.

अशा या वर्गात एके दिवशी संगणक आला.

आणला तो सेक्रेटरीसाहेबांनी. शाळेच्या मंडळाचे ते सेक्रेटरी. आयुष्य कारखान्याच्या फाटकावर कामगारांची हजेरी घेण्यात गेलेलं, त्यामुळे अंगात एक ताठपणा कायमचा मुक्कामाला आलेला. सांगितलं तेवढं करा आणि हातात घेतलेलं अर्धवट सोडू नका, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते ऐकून ऐकून शिपायाने त्यांच्यासमोर खोकणंही सोडलं होतं, कारण ते कुणी सांगितलेलं नसायचं. घरचा संगणक त्यांनी स्वतःच्या हाताने पुसून, गाडीत मांडीवर घेऊन आणला आणि शिशुवर्गातल्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "लहानपणापासून ओळख झाली पाहिजे. आम्हाला म्हातारपणी झाली, ती काही जमली नाही."

त्यांची पाठ वळल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाईंनी, हळूबाईंना व्हरांड्यात घेतलं.

"महिन्याने साहेब बघायला येणार आहेत. मुलांना याची ओळख झालेली दिसली तर उत्तम. नाही दिसली तर बाहेरचे एक सर बघून ठेवलेत त्यांनी. वर्ग त्यांच्याकडे जाईल."

"आणि मी?"

"तुम्ही भांडारात. खडू, वह्या, फळा पुसायची फडकी. बसून काम. तुमच्या गुडघ्यांनाही बरं."

"माझ्या गुडघ्यांनी तुमच्याकडे काही तक्रार केली का?"

मोठ्या बाई हसल्या, पण नजर चुकवून.  हळूबाईंच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते, आणि ते थोडे दिवस खडूंच्या खोक्यांत बसून काढायचे या विचाराने त्यांचा जीव कासावीस झाला. खडू कधी मांडीवर येऊन झोपत नाही.

घरी त्यांची सून एका कचेरीत दिवसभर संगणकावरच काम करायची आणि कचेरीचा लॅपटॉप संध्याकाळी घरी आणायची. त्या संध्याकाळी बाईंनी पदर खोचला आणि तिच्यासमोर शिष्य होऊन बसल्या.

"हा माऊस, आई. हा सरकवला की पडद्यावरचा बाण सरकतो."

बाईंनी सरकवला. बाण निघाला, बाई त्याच्यामागे निघाल्या, आणि हात टेबलाच्या कडेवरून खाली गेला तरी थांबल्या नाहीत.

"आई, टेबल संपलं."

"पण बाण अजून पोचला नाही ना."

"माऊस उचला, परत मागे ठेवा, मग सरकवा."

"उचलला तर बाणाला कळेल ना?"

दोन संध्याकाळी अशा गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी बाई पडद्याला बाबापुता करू लागल्या. "अरे, उघड ना राजा. एवढं काय मागितलं तुझ्याकडे?"

सून हसून लोळायची बाकी राहिली. "आई, त्याला काही म्हणजे काही कळत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच करणार. ना कमी, ना जास्त. एक शब्द सांगायचा राहिला तर तसाच बसून राहील."

बाईंचा हात थांबला. त्यांना आपला वर्ग दिसला. 'दप्तर ठेव' म्हटलं की भर दारात ठेवणारी पोरं. 'हात धू' म्हटलं की एकच हात धुऊन येणारी पोरं.

"एवढंच ना," त्या म्हणाल्या. "मग याला सांभाळण्यातच तर माझा जन्म गेला."

तेवढ्यात त्यांचे यजमान शिलाईचं दुकान बंद करून आले. मोठे शिंपी, कापड डोळ्यांनी मोजणारे, आणि बायकोची फिरकी घेण्याची एकही संधी न सोडणारे. "चहाचं काय झालं?"

"आज तुम्ही करायचा," बाई म्हणाल्या. "मी सांगेन तेवढंच करायचं."

"लग्न झाल्यापासून दुसरं काय करतोय मी?"

"पातेलं घ्या."

त्यांनी पातेलं घेतलं आणि छातीशी धरून उभे राहिले.

"पाणी घाला."

शेजारी खिडकीत कुंडी होती. त्यांनी तांब्या उचलला आणि कुंडीत पाणी घातलं.

"पातेल्यात हो."

"ते कुठे म्हणालीस?" त्यांनी पातेल्यात पाणी घातलं. मग सांगितल्यावर शेगडीवर ठेवलं आणि गॅस न पेटवता हाताची घडी घालून वाट बघत बसले. पेटवायचं सांगितल्यावर पेटवलं. "आता?"

"साखर घाला."

यजमानांनी साखरेचा डबा उचलून पातेल्यावर धरला. बाई जन्माच्या सवयीने ओरडल्या, "हळू!"

त्यांनी मान डोलावली, आणि सगळा डबा हळू ओतला.

तो चहा कुणाला पिता आला नाही. सुनेने चमचा उभा करून दाखवला, तो उभाच राहिला. पण बाई त्या रात्री देवासमोर हात जोडताना स्वतःशी हसत होत्या. काय शिकवायचं ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात बाई स्वतः संगणक झाल्या. कोपराला हात लावला की चालू, परत लावला की बंद. पोरांनी हुकूम सोडायचे आणि बाईंनी तेवढंच करायचं. पोरांना स्वर्ग दोन बोटं उरला. 'चाला' म्हटलं तर बाई चालत जाऊन कपाटाला टेकल्या आणि तिथेच पावलं टाकत राहिल्या, कारण 'थांबा' कुणी म्हटलं नव्हतं. एकाने रागावून "किती वेडा आहे हा संगणक," असं म्हटल्यावर बाई तेवढ्यापुरत्या माणूस झाल्या.

"यंत्राला रागवायचं नाही. त्याची चूक नसते. आपलं सांगायचं काय राहिलं ते शोधायचं."

हे पाठ झालं तसं त्या पोरांना खऱ्या संगणकाशी नेऊ लागल्या. पोरं माऊस धरून पडद्यावर वेडेवाकडे गोल काढायची, बटणं दाबून आपल्या नावाचं पहिलं अक्षर आणायची. अक्षर उमटलं की ज्याचं त्याला घर बांधल्याचा आनंद. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे चौकशीबाई म्हणत, कारण ती श्वास घ्यायच्या आधी प्रश्न विचारायची. तिने तर माऊसचं पोट उघडून आत कोण बसलंय तेही बघायचं ठरवलं होतं. आणि एक बोळकं होतं, समोरचे दात पडलेला मुलगा, जो बोलला की पहिल्या रांगेवर तुषार पडायचे. दोघं मिळून संगणकाची इतकी काळजी घेत की बाईंना वाटलं, आता साहेब येऊ देत खुशाल.

साहेब सोमवारी येणार होते. त्याच्या आधी शनिवार आला.

बाई ठोकळ्यांच्या टोपलीशी बसल्या होत्या. आया मावशी आणखी साबण आणायला गेल्या होत्या. मागे नळाशी गजबज होती, पण ती आनंदाची असल्यामुळे बाईंनी सवयीने "हळू" म्हटलं आणि सोडून दिलं. थोड्या वेळाने त्या मागे गेल्या.

बुटक्या भिंतीवर बाहुल्या ओळीने उन्हाला बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी संगणकाचा कीबोर्ड भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याच्या प्रत्येक बटणाखालून पाणी ठिबकत होतं. बोळकं जुन्या टूथब्रशने शेवटची ओळ घासत होतं. आणि दोरीवर, दोन फडक्यांच्या मधे, शेपटीला चिमटा लावून माऊस उलटा लटकत होता. वाऱ्याने तो हळूच गोल फिरत होता. त्याच्या नाकातून फेस येत होता.

पडद्यापर्यंत पोरांचे हात पोचले नव्हते आणि मोठं बटण बाईंनी स्वतः सकाळी बंद केलेलं होतं, ही त्या दयाळूचीच कृपा. बाकी कृपा कुठे दिसत नव्हती.

"बाई," चौकशीबाई म्हणाली, तिचे हात कोपरापर्यंत साबणात होते, "हाच सगळ्यात मळका होता. बघा, किती काळं निघालं."

बोळक्याने पुस्ती जोडली, "मी याच्या पोटात पण साबण घातला."

बाईंनी तोंड उघडलं. वीसेक ओले चेहरे शाबासकीची वाट बघत होते. रागवायचं तर कुणाला? नियम त्यांचा, दोरी त्यांची, चिमटाही त्यांच्याच घरचा.

"छान धुतलंत," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवर बाहुल्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

ती दोन्ही यंत्रं घरी गेली. यजमानांनी ती पंख्याखाली ठेवली आणि दुकानातल्या कापडासारखी वेळोवेळी उलटवली. "माऊस आटला नसेल म्हणजे मिळवली," असं ते म्हणाले, पण बाईंचा चेहरा बघून पुढचा विनोद गिळला. रविवारी सुनेने लॅपटॉपला जोडून बघितलं. एक बटण दाबलं की तेच अक्षर पडदाभर धावत सुटायचं. माऊस दाबल्यावर त्यातून एक बुडबुडा आला, बाकी काही नाही.

"माझा उद्या मलाच लागेल, आई. कचेरीतून दुसरा मागून आणते. पण मंगळवारशिवाय मिळायचा नाही."

"राहू दे." बाई देवघराशी उभ्या राहिल्या. यंत्र चालू कर असं मागायला त्यांना लाज वाटली. जगात लोकांची केवढी दुखणी आहेत. माझी जीभ तेवढी चालू ठेव, एवढंच त्यांनी मागितलं.

सोमवारी सेक्रेटरीसाहेब आले. दाराबाहेर चकचकीत बूट काढून, जोड नीट जुळवून, आत येऊन खुर्चीवर ताठ बसले. मागे मोठ्या बाई. टेबलावर पडदा होता, त्याच्यापुढे मोकळी जागा.

"माऊस कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

हळूबाई बोलणार तेवढ्यात चौकशीबाई म्हणाली, "वाळत घातला होता."

साहेबांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी छताकडे पाहिलं.

"का?"

"शनिवार होता," ती म्हणाली. एवढ्या मोठ्या माणसाला हे कसं कळत नाही, असा तिचा चेहरा.

"धुतला मुलांनी," हळूबाई म्हणाल्या, "पण नियम माझा आहे साहेब. शाळेचं ते सगळं शनिवारी धुवायचं. कीबोर्डही गेला. दोष मुलांचा नाही."

साहेबांचे कान लाल झाले. तो माऊस त्यांनी आपल्या रुमालाने पुसून आणला होता. "म्हणजे महिनाभरात मुलांना संगणक कळला तो असा?"

"आम्हाला कळलाय की," बोळकं म्हणालं, आणि साहेबांच्या गुडघ्यावर दोन थेंब उडाले. "तुम्ही संगणक व्हा, मग दाखवतो."

"मी?"

"रोज बाई होतात. दमल्या त्या."

मोठ्या बाई "अरे, साहेबांना असं" इथपर्यंत पोचल्या होत्या, पण चौकशीबाई त्यांच्या आधी पोचली. तिने साहेबांच्या कोपराला हात लावला. "चालू झाला. उठा."

फाटकावरच्या सवयीने म्हणा किंवा कशाने म्हणा, साहेब उठले.

खिडकीतल्या टोपलीतून चेंडू काढून बाईंच्या हातात द्यायचा, एवढंच काम होतं. बोळकं म्हणालं, "चाला." साहेब खिडकीशी गेले, टोपलीतून चेंडू काढला आणि बाईंच्या हातात दिला. झालं, अशा चेहऱ्याने ते वळले.

वर्ग संतापला. "चूक. चेंडू घ्या म्हटलंच नव्हतं."

"अरे, पण घ्यायचा होता ना?"

"संगणक आपल्या मनाने काही करत नाही," चौकशीबाईने समजावलं. "सांगितलं तेवढंच करायचं. परत."

हे वाक्य आजवर साहेबांनी दुसऱ्यांना ऐकवलं होतं. त्यांनी एकदा डोळे मिटले, बाईंकडून चेंडू घेऊन टोपलीत ठेवला आणि परत जागेवर येऊन उभे राहिले. या वेळी त्यांनी फाटकावरची सगळी शिस्त पणाला लावली. 'चाला' म्हटल्यावर चालले, नाक भिंतीला लागलं तरी पाय हलवत राहिले. भिंतीत घुसायचं बघणारे सेक्रेटरी पाहून मोठ्या बाईंनी तोंडाला पदर लावला.

"अरे, भिंतीला धडकला," एक पोरगं ओरडलं.

"त्याची चूक नाही," बोळकं गंभीरपणे म्हणालं. "आपण थांबा म्हटलं नाही." मग पोरांनी डोकी एकत्र केली, पावलं ठरवली, 'थांबा' घातलं, 'वळा' घातलं. कुठल्या हाताने ते राहिलं, तेही घातलं. आणि सेक्रेटरीसाहेब चेंडू घेऊन निघाले.

अर्ध्या वाटेत चौकशीबाई अचानक बाईंकडे वळली. "बाई, म्हणजे शनिवारी तुमचंच सांगायचं राहिलं होतं. माऊस सोडून, असं."

"हो गं," हळूबाई म्हणाल्या. "माझंच राहिलं."

तेवढ्यात डब्याची घंटा झाली आणि क्षणात वर्ग रिकामा झाला. पुढचं पाऊल सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून साहेब खोलीच्या मधोमध उभे होते, चेंडू धरलेला हात पुढे, एक टाच वर.

"बसा ना साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मला बंद कुठे केलंय?" साहेब ओठ न हलवता म्हणाले.

 व्हरांड्यात डबे उघडल्याचे आवाज येत होते. शेवटी चौकशीबाई तोंडात घास घेऊन धावत आली, कोपराला हात लावला, "बंद," म्हणाली आणि पळाली. साहेबांनी टाच टेकवली. हात चोळत दाराशी गेले, बूट घातले.

"निर्णय शनिवारी येऊन सांगतो," एवढंच ते बोलले, तेही कुणाकडे न बघता.

त्या आठवड्यात हळूबाईंना घास गोड लागला नाही. यजमान म्हणाले, "भांडारात गेलीस तर खडूंना तरी शिस्त लागेल." त्यावर बाई हसल्या नाहीत, तेव्हा ते उठून स्वतः चहा करून घेऊन आले. साखर बेतानेच होती.

शुक्रवारी बाईंनी नियमाला शेपूट जोडलं. जे जे शाळेचं, ते ते धुवायचं, पण ज्याला वायर आहे ते नाही. पोरांनी ते घोकून पाठ केलं.

शनिवारी साहेब आले. हातात खोकं होतं, त्यात नवा माऊस आणि नवा कीबोर्ड. हळूबाई धुण्याच्या टोपल्या भरून पोरांना मागे पाठवून आल्या होत्या. साहेबांनी खोकं टेबलावर उघडलं, एकेक वायर सावकाश जोडली आणि मग घसा साफ केला.

"बाई, मी घरी जाऊन विचार केला. ते बाहेरचे सर शिकलेले आहेत. यंत्राची निगा त्यांना कळते. मंडळात बहुतेकांचं मत त्यांच्याच बाजूने आहे."

"बरं साहेब," बाई म्हणाल्या. आवाज हळूच आला, पण या वेळी मुद्दाम नव्हता.

"माझं मत मात्र अजून..." साहेब बोलता बोलता दाराकडे वळले आणि थांबले. दाराबाहेर, जिथे त्यांनी बूट जुळवून ठेवले होते, तिथे ओल्या पावलांच्या लहान लहान खुणा होत्या. बूट नव्हते.

दोघं मागे गेले. बुटक्या भिंतीवर बाहुल्यांच्या शेजारी साहेबांचे बूट उन्हाला बसले होते, जोड नीट जुळवून. आतून साबणाचं पाणी निथळत होतं. नाड्या काढून, पिळून, चिमटा लावून दोरीवर टाकल्या होत्या.

"आम्ही आधी नीट बघितलं," चौकशीबाई पुढे येऊन म्हणाली. "वायर नव्हती."

"नुसत्या दोऱ्या होत्या," बोळक्याने दुजोरा दिला.

हळूबाईंनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात भांडाराची किल्ली हातात घेतली.

साहेब बुटांपाशी गेले. त्यांचे खांदे हलले. बाईंना वाटलं, आता गडगडाट होणार. पण साहेबांनी रुमाल काढून डोळे टिपले, तेव्हा कळलं की ते हसत होते आणि ते त्यांना सवयीचं नसल्यामुळे आवाज कसा काढायचा ते सुचत नव्हतं.

"यांची चूक नाही," ते म्हणाले. "सांगण्यात काय राहिलं ते बघा, बाई."

"शाळेच्या दारातलं सगळं शाळेचं नसतं, हे राहिलं साहेब. आज घालते."

"घाला." त्यांनी एक बूट उचलून उलटा केला. धार लागली. "आणि त्या सरांना मी कळवून टाकतो, येऊ नका म्हणून. मंडळाचं मी बघतो."

बाईंनी विचारलं, "ते शिकलेले आहेत ना साहेब?"

"शिकलेले आहेत, पण तेही बूट घालतात. धुतले गेले, तर त्यांना आधी पोरांचीच चूक दिसेल."

साहेब मावशींच्या निळ्या रबरी चपला घालून गेटपर्यंत गेले. चपला लहान होत्या, टाचा मागे जमिनीवर येत होत्या. पोरं भिंतीवर चढून बघत होती. बाई नेहमीचा शब्द उच्चारायला गेल्या, तेवढ्यात वीस जणांनी एका सुरात साहेबांनाच सांगितलं, "हळू."

साहेबांनी वेग कमी केला.